स्वतःच्या वापरासाठी

"विकायची नसेल तर काही अडचण नाही, सर. स्वतःपुरती बनवा. मग अर्ज करून नियमानुकूल करून घेऊ."

हे वाक्य माझं आहे. मेहकरात, माझ्या टेबलामागे बसून, हातात चहाचा कप धरून, तीन माणसांच्या देखत मी ते बोललो. बोलताना आवाज किंचित मोठा केला होता, तिघांनाही ऐकू जावं म्हणून. वाक्य साफ चुकीचं होतं. ज्यांना उद्देशून बोललो ते आज अडुसष्टाव्या वर्षी तुरुंगात आहेत, आणि मी त्याच टेबलामागे बसून हे लिहितो आहे.

मी वकील नाही. कायद्याच्या दुसऱ्या वर्षात नापास झालो आणि पुन्हा बसलो नाही. त्यानंतर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे लिहून देण्याचा धंदा सुरू केला. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, "खाली जागा उरली, काही टाकू का?" मी म्हणालो, "कायदेविषयक सल्ला." तेव्हापासून लोक मला वकीलसाहेब म्हणायला लागले. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

ज्या खोलीत माझं टेबल आहे ती खोली सरांची. ते माझे घरमालक. आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं टर्नरचा वर्ग शिकवला, म्हणून सगळं गाव त्यांना सर म्हणे. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, पण मीही सरच म्हणायचो. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा धातू कातायचा जुना लेथ होता. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी चिखलीला दिलेली. सकाळी सात वाजता लेथ सुरू व्हायचा आणि माझ्या टेबलाची काच बारीक थरथरायची.

बाजारातून आणलेल्या वस्तूला ते 'परकी' म्हणत. घरातल्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, चहाची गाळणी, चष्म्याची काडी, कुकरची शिट्टी, सगळं स्वतः केलेलं. माझं टेबलही त्यांनीच केलं. मी एकदा सहज एक तयार खुर्ची आणली, तर तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "वकीलसाहेब, बसा बापा, पण हलू नका." आठव्या दिवशी खुर्चीचा पाय निखळला. त्यांनी संध्याकाळी नवा पाय बसवून दिला आणि जाताना म्हणाले, "आता हला."

खिशात पेनाशेजारी छोटा गुण्या असायचा, काटकोन तपासायचा. लग्नाला गेले की मांडवाच्या खांबाला लावून बघत. यजमान हात जोडून म्हणे, "सर, जेवून घ्या." हे म्हणत, "जेवतो, पण हा खांब दोन सूत बाहेर आहे, त्याच्याखाली नवरदेव बसवू नका." लोक हसायचे. मागे त्यांना 'गुण्या' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि चालतही होतं.

वर्गातला त्यांचा एक नियम त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. हत्यार मोडलं, काम बिघडलं, तर सर एवढंच विचारायचे, "मशीनवर कोण उभा होता?" कुणी म्हणालं की सर, मला यानं असं कर म्हणून सांगितलं, तर ऐकून घ्यायचे नाहीत. "सांगणाऱ्याचा हात नव्हता मशीनवर. तुझा होता." या नियमाने त्यांनी शेकडो विद्यार्थी घडवले असतील. मला मात्र त्याच नियमाने वाचवलं, आणि त्यांना बुडवलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे माझी चूक जास्त काळी दिसते. दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं झालं तेव्हा सरांनी दुधाच्या जाड कॅनपासून स्वतःच हेल्मेट बनवलं. आत नारळाच्या काथ्याची गादी, हनुवटीखाली चामड्याचा पट्टा. ते घालून ते डोणगावला शेतावर निघाले की रस्त्यावरची माणसं थांबून बघत. फाट्यावर वाहतूक पोलिसाने अडवलं.

"काका, हे काय?"

"हेल्मेट."

"याच्यावर शिक्का कुठाय?"

"शिक्का काऊन पायजे? हातोडा आणा, मारून पाहा."

पोलिसाने हातोडा मारला नाही, पावती फाडली. सर थेट माझ्याकडे आले. मी नियम काढून वाचून दाखवला: हेल्मेटला ठरलेल्या दर्जाचं चिन्ह हवं, घरी बनवलेलं चालत नाही. त्यांनी तो कागद दोनदा माझ्याकडून वाचून घेतला. मग बाजारात गेले आणि मुकाट्याने एक परकं हेल्मेट घेऊन आले. दुधाच्या कॅनचं हेल्मेट अंगणात उलटं टांगून त्यात त्यांनी ओवा लावला.

म्हणजे नियम काय आहे हे नीट सांगितलं की सर तो पाळायचे. अट एकच, सांगणाऱ्याने नीट सांगायला हवं.

बंदुकीची गोष्ट त्यांच्या वडिलांपासून सुरू होते. डोणगावच्या शेतात वडिलांकडे पीकसंरक्षणासाठी परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. वडील गेले तेव्हा दहावं सुद्धा व्हायचं होतं, त्याआधी सरांनी ती बंदूक कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा केली. भाऊबंद म्हणाले, "राहू द्या ना घरात, कोण विचारते?" सर म्हणाले, "परवाना बाबांचा होता. बाबा नाहीत. आता ही बंदूक घरात असणं म्हणजे गुन्हा आहे." आसपासच्या खेड्यांत बापाच्या मागे बंदूक आपणहून नेऊन देणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

मग त्यांनी स्वतःच्या नावाने परवाना मागितला. अर्ज मीच लिहिला होता. उत्तर एका ओळीचं आलं: गरज सिद्ध होत नाही.

ते पत्र हातात धरून सर माझ्या दाराशी उभे राहिले. "गरज सिद्ध होत नाही म्हणे. आता रोह्यायले साक्षीले बोलावू काय? रानडुकरायले समन्स काढता का तुम्ही, वकीलसाहेब?"

त्या वर्षी त्यांची दोन एकर तूर रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, कळपाने पायाखाली घातली होती आणि हरभरा डुकरांनी उकरला होता. बुजगावणं, साड्यांचं कुंपण, भोंगे, सगळं करून झालं होतं. त्यांना रोही मारायचे नव्हते, तसं मारताही येत नाही, त्याचा कायदा आणखी वेगळा. त्यांना फक्त आवाज हवा होता. बापाच्या बंदुकीचा आवाज. "बाबा वर्षातून चार बार काढत, तेही आभाळात. जनावर शहाणं राहते त्यानं," असं ते म्हणत.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, ते आत आले. माझ्यासमोर तीन माणसं बसली होती. तिघांचं काम एकच: गायरानावर बांधलेली घरं नावावर करून घ्यायची होती. आमच्याकडे हे असंच चालतं, हे इथे सांगायला हवं. माणूस आधी भिंत उभी करतो, मग परवानगी मागतो. आधी विहीर खोदतो, मग तिची नोंद करायला जातो. मी आयुष्यात जेवढे अर्ज लिहिले त्यांतल्या निम्म्यांचा विषय एकच: अमुकतमुक नियमानुकूल करून मिळणेबाबत. हे शब्द माझ्या हाताला इतके बसले आहेत की मी ते झोपेतही लिहीन.

सर म्हणाले, "एक विचारू का? बंदूक विकत घेतली त परवाना लागते. बरोबर?"

"बरोबर."

"दुसऱ्याची घरात ठेवली त लागते."

"लागतो."

"पण मी घरीच बनवली त? माह्या हातानं, माह्या लेथवर, माह्यापुरती. कोणाले विकायची नाई, द्यायची नाई. त्याले काय नियम आहे?"

मला माहीत नव्हतं. खरं उत्तर तेवढंच होतं, आणि ते द्यायला एक क्षण पुरला असता. पण समोरची तीन माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतला एक म्हणाला, "सांगा ना, वकीलसाहेब." कॉलेजात कधीतरी वाचलेल्या त्या कायद्यातले 'विक्रीसाठी' हे शब्द डोक्यात कुठेतरी तरंगत होते. त्यांना मी माझ्या रोजच्या धंद्याची शेपटी जोडली आणि वर लिहिलेलं वाक्य बोलून टाकलं.

समोरचा माणूस मान हलवत म्हणाला, "बराबर आहे. आधी करा, मंग कागद करा."

सर माझ्याकडे वळले. "पक्कं ना?"

"पक्कं."

कायदा काय आहे ते आता मला पाठ आहे, म्हणून सांगतो, माझ्यासारख्या आणखी कुणाच्या भरवशावर कुणी राहू नये. शस्त्र कायदा स्वतःसाठी आणि विक्रीसाठी असा फरक करत नाही. बंदूक बनवायची तर बनवण्याचा परवाना आधी हवा. बाळगायची तर बाळगण्याचा वेगळा. शेतासाठी, आवाजासाठी, नुसती भिंतीवर लावायला, कशासाठीही बनवली तरी गुन्हा तोच. मागाहून नियमानुकूल करण्याची सोय त्यात कुठेही नाही. विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं आहे, आणि त्याच्या खाली उतरण्याची मुभा त्या कलमाने न्यायाधीशांनाही ठेवलेली नाही. हे सगळं छापील स्वरूपात बाजारात मिळतं. पुस्तकाचं दुकान माझ्या टेबलापासून पाच मिनिटांवर आहे.

पुढचे तीन महिने लेथ जास्त वेळ चालला. टेबलाची काच थरथरायची. कशासाठी चाललाय हे मला माहीत होतं. एक दिवस सरांनी मला शेडमध्ये बोलावलं. धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेली ती वस्तू बाकावर होती. त्यांनी पान उलगडलं. शिसवीचा दस्ता, त्यावर बारीक नक्षी, वडिलांच्या बंदुकीवर होती तशी. मी हातात घेतली आणि कौतुकाने म्हणालो, "सर, अगदी फॅक्टरीतली वाटते."

त्यांचा चेहरा उतरला. "फॅक्टरीतली?"

"म्हणजे तेवढी चांगली."

"फॅक्टरीत एवढा वेळ देते कोण?" त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि पुन्हा गुंडाळली. "अजून वाजवली नाई. कागद झाल्याबिगर वाजवायची नाई. चालते का नाई तेही मले माहीत नाई."

मी त्या आठवड्यात मोताळ्याला भाच्याच्या लग्नात अडकलो होतो. सरांना धीर निघाला नाही. त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला. विषय: स्वतःच्या वापरासाठी स्वतः तयार केलेली बंदूक नियमानुकूल करून मिळणेबाबत. सोबत एक नकाशा जोडला, समोरून, बाजूने आणि वरून, प्रमाण टाकून, पेन्सिलीने. खाली सही, पत्ता, मोबाईल नंबर. कचेरीत नेऊन दिला. टेबलावरच्या माणसाने वाचला, सरांकडे वर बघितलं, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "हे तुम्हीच लिहिलं का?" सर म्हणाले, "हाव. काही चुकलं काय?" तो म्हणाला, "नाही नाही," आणि शिक्का मारून दिला.

मी गावात असतो तर हे घडलं नसतं असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. खरं म्हणजे मी असतो तर तोच अर्ज मी लिहिला असता, आणि अक्षर सरांपेक्षा चांगलं काढलं असतं.

पोलीस आले तेव्हा मी परतलो होतो. साहेब सभ्य माणूस होता. सरांनी त्याला शेडमध्ये नेलं, धोतराचं पान उलगडलं, पंचांना बसायला स्टूल दिलं. पंचनामा लिहिणाऱ्या शिपायाने नळीची लांबी अंदाजाने लिहिली, तर सरांनी खिशातली पट्टी काढून पुढे केली. "अंदाजानं नका लिहू. मोजा."

ठाण्यात मी त्यांच्यासोबत गेलो. गावाला वाटलं, वकीलसाहेब घरमालकासाठी धावले. साहेबाने विचारलं, "सर, तुम्ही शिकलेले माणूस. घरी बंदूक बनवायला परवाना लागत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी त्यांच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर बसलो होतो. छताचा पंखा फिरत होता. मला वाटलं ते आता माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं असतं तर मी कबूल झालो असतो, असं मी अजून स्वतःला सांगतो. त्यांनी बघितलं नाही.

"कोणी नाई," ते म्हणाले. "मशीनवर मी उभा होतो."

साहेबाला काही कळलं नाही. मला कळलं. मी गप्प बसलो.

जामिनाचे कागद मी लिहिले. त्यांची मुलगी चिखलीहून रोज यायची, माझ्या समोरच्या बाकावर बसायची. मी एक पैसा घेतला नाही. ती डोळे पुसत म्हणाली, "काका, तुम्ही आहात म्हणून, नाईतर आमचं कोण आहे इथं?" घरी जाऊन तिने नवऱ्याजवळ माझं कौतुक केलं असेल. मी ते कौतुक घेतलं. घरात कुणी परक्याची ताटली ठेवून घ्यावी तसं ते अजून माझ्याकडे पडून आहे.

बुलढाण्याच्या तुरुंगात ते जामीन होईपर्यंत राहिले. भेटायला गेलो तेव्हा त्यांची तक्रार एकच होती. "या मधल्या दाराची कडी अर्धा सूत खाली आहे. रोज दहा वेळा आपटावं लागते तिले. मी जेलरसाहेबाले म्हटलं, कानस द्या, दोन मिनिटांचं काम आहे. हसले."

मी विचारलं, "सर, बरे आहात ना?"

"मले काय धाड भरली? तुमची काच थरथरत नसंल आता. शांत वाटत असंल."

जामिनावर सुटून आले आणि पुन्हा सकाळी सात वाजता लेथ लावू लागले. पोरंसोरं त्यांना बघून तोंडाने बंदुकीचा आवाज काढायची. बाजारात कुणी म्हणायचं, "काय सर, तोफेची ऑर्डर घेता का?" सर थांबून गंभीरपणे उत्तर द्यायचे, "नाई. परवाना लागते."

एका दुपारी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ते कलम वाचून दाखवा बरं."

मी तोवर पुस्तक आणलं होतं. कलम पाच काढलं. बनवणे, विकणे, हस्तांतर करणे, दुरुस्त करणे, विक्रीसाठी मांडणे, विक्रीसाठी बाळगणे, असं एक लांबलचक वाक्य. मी हळूहळू वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते, नकाशा डोक्यात मांडावा तसे.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे 'विक्रीसाठी' हे मांडण्याले अन् बाळगण्याले लागू आहे," ते म्हणाले. "बनवण्याले नाई. बनवणं आपलं सुटं आहे, पहिलंच."

"हो, सर."

"हं."

पंधरा वर्षं मला न कळलेलं वाक्य त्या माणसाने दोनदा ऐकून सुटं केलं. मला वाटलं, आता बोलतील. काहीही बोलले असते तरी चाललं असतं, अगदी शिवी दिली असती तरी. ते उठले. टेबलाची एक कड त्यांना किंचित उचललेली दिसली, ती अंगठ्याने दाबून बघितली आणि गेले. त्या दिवशीही मी क्षमा मागितली नाही. मी म्हणालो, "सर, चहा?" ते म्हणाले, "नको."

त्यांचा वकील हुशार होता. त्याने पहिल्याच भेटीत मार्ग काढला होता. म्हणाला, "सर, सोपं आहे. ही बंदूकच नाही. नळी आणि लाकूड जोडलेलं शोभेचं खेळणं. कधी वाजवली नाही, वाजतच नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात काही कमी-जास्त सापडलं की आपण तेच धरून बसू. तुम्ही फक्त जबाबात म्हणा, मला नीट जमली नाही."

"काय जमली नाई?"

"बंदूक."

"ते मी लिहून देणार नाई."

"सर, सात वर्षांचा प्रश्न आहे."

"असंल. तीस वर्षं पोरायले शिकवलं मी. आता माह्या सहीनं लिहून देऊ, का मले जमलं नाई?"

मुलगी रडली, वकील चिडला, मी मधे बसून दोघांची समजूत घालत राहिलो. सर हलले नाहीत. मग अहवाल आला: सदर शस्त्र चालू स्थितीत आहे. वकिलाने कपाळाला हात लावला. सरांनी अहवाल मागून घेतला, चष्मा पुसून वाचला आणि विचारलं, "पहिल्या बारालेच चालली का, ते लिहिलं नाई यात?" त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मुलीच्या लग्नात. त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा ते प्रमाणपत्रासारखा हातात धरून बसले होते.

सरकारी पक्षाचा पुरावा संपला. न्यायाधीशांनी सरांना विचारलं, काही सांगायचंय का. ते म्हणाले, "बनवली मी. लपवली नाई." वकील आम्हाला बाहेर म्हणाला, "एकच फट आहे. हा माणूस प्रामाणिकपणे फसला, हे कुणी येऊन सांगितलं तर बनवण्याचं कलम सोडून नुसतं बाळगण्याचं धरा, असं मी मागू शकतो. तिथे शिक्षा कमी करायला जागा आहे. आशा फार नाही. पण सांगणारा आहे कोण?"

त्या संध्याकाळी मुलगी माझ्या समोर बसली होती. म्हणाली, "काका, मले एक कळत नाई. बाबा विचारल्याबिगर पायात नवी चप्पल घालत नाईत. हे त्यायनं कोणाले तरी विचारलंच असंल. कोण असंल तो?"

मी म्हणालो, "मी."

मी सगळं सांगितलं, तीन माणसं, चहा, पक्कं ना, पक्कं. ती ऐकत होती आणि माझ्या टेबलावरचे आपल्या बापाचे कागद एकेक करून उचलत होती. सगळे उचलून झाल्यावर पदराखाली धरून उभी राहिली.

"दोन वर्षं तुमच्या हातचा चहा पेले मी," ती म्हणाली. "हे मले नका सांगू. कोर्टात सांगा."

निकाल आधीच सांगून टाकतो. सात वर्षं. माझ्या साक्षीने फट रुंद झाली नाही, उलट बुजली. निकालपत्रात माझ्यावर एक परिच्छेद आहे. त्यात म्हटलं आहे की आपण बंदूकच बनवतो आहोत हे आरोपीला पूर्ण ठाऊक होतं, हे बचावाच्या साक्षीदाराच्याच तोंडून आलं आहे. आणि परवान्याबद्दलची विचारणा आरोपीने कायदा जाणणाऱ्या माणसाकडे केलेली नाही. वरच्या कोर्टात अपील पडून आहे. शेड बंद आहे. मुलगी माझ्याशी बोलत नाही, आणि खोली सोडा असंही म्हणत नाही. पाटीवरची खालची ओळ मी पुसून घेतली. लोक तरी वकीलसाहेबच म्हणतात. आता मी दर वेळी दुरुस्त करतो, तर त्यांना वाटतं, माणूस किती नम्र झाला.

साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. बचावाच्या वकिलाने विचारलं तसं मी सांगितलं. मग सरकारी वकील उठला.

"तुमचं शिक्षण?"

"बी.ए."

"कायद्याचं?"

"दुसऱ्या वर्षात नापास."

मागे कुणीतरी हसलं. त्या बाकांवर मी आजवर ज्यांचे अर्ज लिहिले अशी निदान दहा माणसं होती.

"मग सल्ला कोणत्या आधारावर दिला?"

"कसल्याच नाही."

"तरी दिला. का?"

"लोक मला वकील म्हणायचे. मला ते आवडायचं."

"आरोपी बंदूक बनवणार आहे, हे त्याने तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं?"

"हो."

"खेळणं नव्हे?"

मी बचावाच्या वकिलाकडे बघितलं. त्याने डोळे मिटले होते. मग सरांकडे बघितलं. ते आरोपीच्या जागेवर ताठ उभे होते, मान किंचित पुढे काढून. आता मी खोटं बोललो असतो, खेळणं म्हणालो असतो, तर कदाचित. पण शपथ घेऊन पिंजऱ्यात उभा होतो, आणि त्या माणसाच्या कामाला खेळणं म्हणायचं माझ्या जिभेवर येईना.

"नाही. बंदूकच."

"बस. झालं माझं," सरकारी वकील म्हणाला.

न्यायाधीशांनी मला उतरायला सांगितलं. मी उतरलो नाही. आरोपीच्या जागेकडे वळलो आणि म्हणालो, "सर."

"साक्षीदाराने इकडे बघून बोलावं," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, कोर्टाला सांगायचं ते सांगून झालं. हे त्यांना सांगायचंय."

"ते नोंदीत घेता येणार नाही."

"नका घेऊ, साहेब."

ते काय म्हणतील याची वाट न बघता मी बोललो. आवाज पहिल्या बाकापर्यंतही गेला नाही. सरांनी शेजारच्या शिपायाकडे कान केला. इतकी वर्षं लेथशेजारी काढल्याने त्यांना कमी ऐकू येई. "काय म्हणते तो?" त्यांनी विचारलं. शिपायाने खांदे उडवले.

मग मला ते मोठ्याने म्हणावं लागलं, भरल्या कोर्टात, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"सर, मले माहीत नव्हतं. माहीत नाई म्हणायची लाज वाटली, म्हून पक्कं म्हटलं. ठाण्यात तुमच्या बाजूले बसून गप राह्यलो. तुमच्या पोरीले फसवलं. चुकी माही आहे, सर. मले माफ करा."